बातमीची पारख

कुकडीच्या कांठीं, जुन्नर तालुक्यांत, ओझर येथें विघ्नेश्वराचें देऊळ आहे. अष्टविनायकांची यात्रा करणारीं कुटुंबें लेण्याद्रि पाहून येथें येतात, आणि देवळाच्या सोनेरी शिखराकडे पाहतां पाहतां कोणी तरी हटकून विचारतें, कीं हें काम कोणाचें? पूर्वीं या प्रश्नाचें उत्तर गुरव देई किंवा एखादा वृद्ध ग्रामस्थ देई. आतां मोबाईल हातांतच असतो, आणि उत्तर क्षणार्धांत समोर येतें. थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधु चिमाजीअप्पा यांनीं वसई जिंकल्यावर या देवळाचा जीर्णोद्धार केला व शिखर सोन्यानें मढविलें, ही परंपरा बहुतेक ठिकाणीं दिलेली आढळते. कांहीं पानांवर देऊळ सन १७८५ मध्यें बांधलें असेंही सांगितलेलें असतें, आणि तें साल चिमाजीअप्पांच्या नांवाला इतकें लगटून येतें कीं, वाचणारा दोन्ही विधानें एकाच घांसांत गिळतो. आतां वसई मराठ्यांच्या हातीं आली ती मे १७३९ मध्यें, आणि चिमाजीअप्पा निवर्तले ते डिसेंबर १७४० मध्यें. तेव्हां १७८५ चें बांधकाम आणि चिमाजीअप्पा यांची गांठ कशी पडावी?

ही विसंगति क्षुल्लक आहे. देवळाच्या सालांत घोटाळा झाल्यानें कोणाचें घर बुडत नाहीं. परंतु ती कशी सांपडते, हें मात्र पाहण्याजोगें आहे. ओझरचें देऊळ कोणी बांधलें, हाच प्रश्न दहा वेळां विचारला तर दहा वेळां तेंच उत्तर मिळेल. कारण अशीं पानें पुष्कळदां एकमेकांवरून उतरून घेतलेलीं असतात. घोटाळा उघडकीस येतो तो निराळाच प्रश्न विचारल्यानें: चिमाजीअप्पा वारले केव्हां? कानावर आलेली बातमी खरी कीं खोटी, हें महाजालावर शोधून पाहण्याची जी संवय आज घरोघरीं लागली आहे, तिचें बळ आणि तिचा धोका हीं दोन्ही या लहानशा उदाहरणांत दिसून येतात. शोधणें आणि पारखणें या आमच्या मतें दोन भिन्न क्रिया आहेत. त्यांतील अंतर समजून घेण्यास चिमाजीअप्पांच्याच घरांतलें एक प्रकरण फार उपयोगी पडतें. तें वाचकांच्या परिचयाचें आहे. तथापि बातमीची पारख या दृष्टीनें तें पुन्हा एकदां पाहावें, एवढाच आमचा हेतु आहे.

चिमाजीअप्पांचे पुत्र सदाशिवराव, म्हणजे पानिपतचे भाऊसाहेब. ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठ्यांचा मोड झाला. पुण्याच्या दरबारास बातमी मिळविण्याचीं साधनें त्या काळीं थोडीं नव्हतीं. दरबारोदरबारीं पेशव्यांचे वकील असत आणि ते पत्रांमागून पत्रें धाडीत. जासुदांच्या जोड्या मजल दरमजल करीत धांवत. निकडीच्या प्रसंगीं सांडणीस्वार सुटत. शिवाय सावकारांचे कासीद निराळे. चांगला वकील स्वतः पाहिलेलें कोणतें आणि ऐकीव कोणतें, हा भेद पत्रांत राखीत असे, आणि वाचणारा कारभारीही तो भेद मनांत धरूनच पत्राची किंमत करी. परंतु पानिपतच्या मोहिमेंत अब्दालीनें दक्षिणेची वाट रोखली, आणि सैन्याकडून येणारीं पत्रें बंद पडलीं. ज्या वेळीं बातमीची सर्वांत अधिक गरज होती, त्याच वेळीं तिचा झरा आटला.

नानासाहेब पेशवे स्वतः फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. वाटेंत एका सावकाराचें पत्र त्यांच्या हातीं पडलें. त्यांत रणांगणाचा उल्लेख नव्हता. मोत्यें गळालीं, मोहरा हरपल्या, रुपये व खुर्दा किती गेला याची गणती नाहीं, अशा व्यापारी परिभाषेंत सारा अनर्थ सांगितलेला होता. दोन मोत्यांचा अर्थ पेशव्यांस तत्काळ उमगला: एक विश्वासराव आणि दुसरे भाऊसाहेब. हें पत्र इतकें विश्वसनीय कां वाटलें असावें? आमच्या समजुतीप्रमाणें त्याचें कारण असें कीं, तें पेशव्यांसाठीं लिहिलेलेंच नव्हतें. एका व्यापाऱ्यानें दुसऱ्या व्यापाऱ्यास आपल्या व्यवहाराच्या सोयीसाठीं तें धाडलें होतें. पेशव्यांचें मन राखण्याचा किंवा त्यांस फसविण्याचा त्यांत कांहींच हेतु नव्हता. इतिहासाच्या अभ्यासांत अशा सहजगत्या मिळणाऱ्या साक्षीस मोठी किंमत असते, ती याच कारणानें.

परंतु दोन मोत्यांपैकीं एकाविषयींच लोकांचें मन निःशंक झालें. विश्वासराव गोळी लागून पडले, हें पुष्कळांनीं पाहिलें होतें. भाऊसाहेब गर्दींत शिरले, आणि त्यानंतर त्यांस जिवंत पाहिल्याचें परत आलेल्यांपैकीं कोणासही खात्रीनें सांगतां येईना. जें प्रेत त्यांचें म्हणून ओळखण्यांत आलें, तें प्रथम शिरावांचून सांपडलें होतें, आणि त्याची ओळख अंगावरील खुणांवरून पटवावी लागली. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेले काशीराज पंडित यांनीं ही हकीकत लिहून ठेविली आहे.  नानासाहेब त्याच वर्षीं जूनमध्यें पर्वतीवर वारले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतावर बरोबर होत्या व त्या सुखरूप परत आल्या होत्या. पति गेला, हें त्यांनीं मनापासून मानलें नाहीं. सन १७८३ मध्यें मृत्यु येईपर्यंत त्यांनीं वैधव्य स्वीकारलें नाहीं. या साध्वीच्या निष्ठेस हंसण्याचें कारण नाहीं. पुरावा अपुरा आणि आशा प्रबळ, अशा जागीं मनुष्याचें मन कोणत्या बाजूस झुकेल हें सांगावयास नको.

अशाच जागेंत तोतया उभा राहतो. सुखलाल नांवाचा बुंदेलखंडाकडील एक कनोजा ब्राह्मण आपणच भाऊसाहेब आहों असें सांगूं लागला. तो पकडला गेला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत त्याची चौकशी झाली, आणि त्यानें आपलें खरें नांव-गांव कबूल केलें. माधवरावांनीं त्यास देहदंड न देतां कैदेंत ठेविलें. किल्ले बदलत बदलत तो अखेर रत्नागिरीस आला. वस्तुतः गोष्ट येथेंच संपावयास पाहिजे होती. आरोपीचा कबुलीजबाब झाला होता आणि दरबाराचा निर्णयही झाला होता.

परंतु खोट्या बातमीचें मरण इतकें सोपें नसतें. सन १७७३ मध्यें नारायणरावांचा खून झाला. त्यानंतर रघुनाथराव आणि पुण्याचे कारभारी यांच्यांत युद्ध जुंपलें. मुंबईकर इंग्रज त्यांत पडले. गादीवर तान्हें मूल, आणि कारभार नाना फडणविसांच्या हातीं. अशा अस्थिर दिवसांत, सन १७७६ च्या आरंभीं, रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनीं त्या कैद्यास बाहेर काढलें आणि भाऊसाहेब म्हणून पुढें केलें. पाहतां पाहतां कोंकणांतील अनेक किल्ले त्याच्या हातीं गेले, हजारों माणसें त्याच्या भोवतीं जमलीं, आणि हा तोतया बोरघाटापर्यंत येऊन ठेपला. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनीं त्याचा मोड केला. तो समुद्रमार्गानें पळाला व कुलाब्यास आंग्र्यांच्या हातीं सांपडला. पुण्यास आणल्यावर रामशास्त्री प्रभुणे यांच्या देखरेखीखालीं त्याची पुन्हा चौकशी झाली, आणि डिसेंबर १७७६ मध्यें त्यास देहान्त शिक्षा झाली.

ज्यांनीं तोतयास भाऊ मानलें ते सारे मूर्ख होते, असें म्हणणें सोपें आहे. पण तें बरोबर नाहीं. कोंकणांतील एखाद्या सामान्य शिलेदाराची स्थिति डोळ्यांपुढें आणावी. त्यानें भाऊसाहेबांस जन्मांत पाहिलेलें नाहीं. तो शेजाऱ्यास विचारतो. शेजारी म्हणतो, होय, भाऊच आहेत. तो पुढल्या गांवीं विचारतो. तेथेंही तेंच उत्तर. किल्लेदारानें दरवाजा उघडला, मग तो काय उगीच? दहा ठिकाणीं चौकशी करून तो निघतो, आणि आपण खातरजमा केली असें त्यास वाटतें. पण दहाही जणांची बातमी रत्नागिरीच्या एकाच दरवाजांतून निघालेली आहे, हें त्यास दिसत नाहीं. त्यानें दहा आवाज ऐकले. साक्षीदार मात्र एकही पाहिला नाहीं. त्यांतून पुण्याच्या कारभाऱ्यांविषयीं ज्याच्या मनांत अढी होती, त्यास भाऊ जिवंत असावे असें वाटण्यास आणखी एक कारण होतें.

रामशास्त्र्यांपुढील चौकशी आणि या शिलेदाराची चौकशी यांतील फरक नीट ध्यानांत घ्यावयास पाहिजे. चौकशी करणारांपुढें खरा प्रश्न निराळा होता: हा मनुष्य भाऊ नसेल, तर कोण आहे, कोठून आला, आणि खऱ्या भाऊस जें ठाऊक असावयास पाहिजे तें यास ठाऊक आहे काय? भाऊ आहे असें किती लोक म्हणतात, या मोजदादीनें हा प्रश्न सुटणारा नव्हता. पहिल्या प्रश्नानें बातमीचा पसारा मोजला जातो. दुसऱ्यानें तिचें मूळ शोधलें जातें.

आजच्या शोधयंत्राची रीत पाहिली, तर तें बरेंच त्या शिलेदारासारखें वागतें असें आढळून येईल. गूगलची स्थापना १९९८ मध्यें झाली. कोणत्या पानाकडे इतर किती पानें बोट दाखवितात, आणि तीं बोट दाखविणारीं पानें स्वतः किती वजनाचीं, यावरून पानाची योग्यता ठरवावी, ही त्या यंत्रामागील मूळ कल्पना. पुढें तींत पुष्कळ भर पडली. तथापि विचारणाऱ्याच्या शब्दांशीं जुळणारीं पानें पुढें आणणें, हेंच त्याचें मुख्य काम राहिलें. ज्या विषयावर जाणत्यांनीं भरपूर लिहिलें आहे, तेथें ही रीत उत्तम चालते. परंतु आज सकाळींच कोणी रचलेल्या खोट्या बातमीविषयीं जाणत्यांनीं अद्याप कांहींच लिहिलेलें नसतें. तिच्यावर लिहिणारे असतात ते ती पसरविणारेच. अशा स्थितीस मायकेल गोलेबिएव्स्की या संशोधकानें २०१८ मध्यें माहितीची पोकळी अशा अर्थाचें नांव दिलें. पानिपत आणि पुणें यांच्यामध्यें १७६१ च्या जानेवारींत अशीच पोकळी पडली होती.

ही केवळ तर्काची गोष्ट नाहीं. डिसेंबर २०२३ मध्यें ‘नेचर’ या नियतकालिकांत अमेरिकेंतील केव्हिन ॲस्लेट व त्यांचे सहकारी यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्यांनीं पांच प्रयोग केले. कांहीं लोकांस ताज्या बातम्या देऊन त्या खऱ्या कीं खोट्या हें महाजालावर शोधून ठरविण्यास सांगितलें. इतरांस न शोधतां मत देण्यास सांगितलें. खोट्या बातमीच्या बाबतींत शोध घेणारे लोक ती खरी मानण्याकडे अधिक झुकले. पहिल्या प्रयोगांत हा कल सुमारें १९ टक्क्यांनीं वाढलेला दिसला. ज्यांच्या शोधांत हलक्या प्रतीचीं पानें वर आलीं, त्यांच्यांत हा परिणाम विशेष होता. आणि जे बातमीचा मथळाच जसाच्या तसा शोधांत घालीत, त्यांच्या वांट्यास अशीं पानें अधिक येत. मथळ्याचेच शब्द घालून शोधणें म्हणजे तोतयाच्या छावणींत जाऊन, हे भाऊच ना, असें विचारणें होय.

आम्ही इतिहास शिकविणारे लोक यावर म्हणूं कीं, साधनांची पारख हा तर आमचा धंदाच आहे. पण येथेंही एक खोंच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनीं २०१७ मध्यें एका पाहणीचे निष्कर्ष मांडले. तींत दहा इतिहासज्ञ, वृत्तांची सत्यता तपासण्याचा व्यवसाय करणारे दहा जण, आणि पंचवीस विद्यार्थी यांस महाजालावरील कांहीं पानें पारखण्यास दिलीं होतीं. इतिहासज्ञ व विद्यार्थी पुष्कळदां समोरचें पान बारकाईनें वाचीत बसले, आणि भारदस्त नांव, सुबक बोधचिन्ह यांस भुलले. व्यावसायिक तपासनीस मात्र पान उघडतांच तें सोडून बाहेर पडत, आणि ही संस्था कोण, तिच्याविषयीं इतर काय म्हणतात, हें आधीं पाहत. त्यांचे निर्णय अधिक लवकर आणि अधिक बरोबर ठरले. याचा अर्थ इतिहासाची रीत खोटी आहे असा नव्हे. दप्तरखान्यांतील कागद हातीं घेतांना, हा कोणाच्या दप्तरांतला, कोणी लिहिला, कोणासाठीं लिहिला, हें आधीं पाहण्याची आमची संवय असते. ती संवय मोबाईलच्या पडद्यापुढें येतांच गळून पडते, एवढाच त्याचा अर्थ.

अलीकडे शोधयंत्रें पानांची यादी देण्याआधीं स्वतःच एक सुबोध उत्तर रचून देऊं लागलीं आहेत. सोय मोठी आहे, यांत शंका नाहीं. पण दहा साक्षीदारांचे जबाब एकत्र करून त्यांचा एकच गुळगुळीत जबाब बनविला, तर कोणता साक्षीदार प्रत्यक्षदर्शी आणि कोणता ऐकीव सांगणारा, हें वाचणाऱ्यास कळावें कसें? जुना वकील पत्रांत जो भेद राखीत असे, तोच येथें पुसला जातो. उत्तराखालीं मूळ पानांचे दुवे असले, तर ते उघडून पाहण्याचे श्रम वाचणाऱ्यानेंच घेतले पाहिजेत.

या सर्वांचें मोल केवळ पांडित्याचें असतें, तर आम्ही वाचकांचा एवढा वेळ घेतला नसता. ता. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांतील राईनपाडा या गांवीं, भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांस जमावानें ठेंचून मारलें. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, अशा अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून गांवोगांव पसरल्या होत्या. भिक्षेवर पोट भरणारे ते अनोळखी लोक. त्यांचा वेष हाच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरला. कोणत्या गांवचें मूल गेलें, कोणाचें गेलें, कोणत्या ठाण्यांत फिर्याद आहे, हे प्रश्न कोणी नेटानें विचारले असते तर अफवेस उत्तर देतां आलें नसतें. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांपेक्षां अधिक ठिकाणीं पुढें धाडण्यास बंदी केली. हा उपाय अफवेचा वेग कमी करील. तिची पारख मात्र माणसांनाच करावी लागेल.

मग ही पारख सरकारनेंच कां करूं नये, असा प्रश्न येतो. केंद्र सरकारनें २०२३ मध्यें माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत दुरुस्ती करून, आपल्या कारभाराविषयींचा मजकूर खोटा कीं खरा हें ठरविणारा एक सरकारी कक्ष योजिला होता. मुंबई उच्च न्यायालयांत जानेवारी २०२४ मध्यें दोन न्यायमूर्तींचें मत विभागलें. तिसरे न्यायमूर्ति अतुल चांदूरकर यांनीं सप्टेंबर २०२४ मध्यें ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली. ज्याच्याविषयीं बातमी आहे त्यानेंच तिचा निवाडा करावा, ही रीत न्यायास धरून नाहीं, हें सामान्य मनुष्यासही कळतें. पुण्याच्या कारभाऱ्यांस १७७६ मध्यें हीच अडचण होती. तोतया खरा ठरता तर त्यांचा अधिकार संपला असता. म्हणून त्यांनीं स्वतः तोतया खोटा म्हटल्यानें कोणाचें समाधान होण्यासारखें नव्हतें. परंतु चौकशीच्या मुख्यस्थानीं रामशास्त्री होते. नारायणरावांच्या खुनाबद्दल रघुनाथरावांस तोंडावर दोषी ठरविणारा तो पुरुष. त्याचा शब्द कोणा पक्षाचा म्हणून टाकून देतां येत नव्हता. निर्णयामागें असें निःस्पृह नांव असलें म्हणजे तो लोकांस मानावा लागतो.

तरीही पार्वतीबाईंची आशा मावळली नाहीं. आजही हरियाणांत, रोहतकजवळील सांघी या गांवीं, भाऊसाहेब पानिपतानंतर साधुवेषानें येऊन राहिले अशी परंपरा सांगतात. भाऊ वांचले काय, असें जो शोधील त्यास ती परंपरा सांपडेल. भाऊ कसे पडले, असें जो शोधील त्यास काशीराजाची हकीकत सांपडेल. प्रश्नांतच उत्तराचा कल दडलेला असतो. म्हणून जी बातमी आपणांस हवीहवीशी वाटते, किंवा जी ऐकून आपला राग उफाळून येतो, तिच्याविषयीं उलट बाजूचा प्रश्न मुद्दाम विचारावा: ही खोटी असेल तर काय आढळावयास पाहिजे? आणि मग तें आढळतें काय, तें पाहावें.

घरांतील तरुण मंडळी शोधण्यांत चपळ असतात. वडील माणसांस, सांगणारा कोण व त्याचा मतलब काय, हें ताडण्याचा दीर्घ अनुभव असतो. संध्याकाळीं एखादी खळबळजनक बातमी मोबाईलवर आली म्हणजे या दोघांनीं एकत्र बसून, ती प्रथम कोणी सांगितली आणि त्यास ती कशी कळली, एवढ्या दोन प्रश्नांचा छडा लावावा. उत्तर मिळालें नाहीं, तर ती बातमी तूर्त आपल्याच घरांत ठेवावी आणि पुढें धाडूं नये. राईनपाड्यास पोंचलेली अफवाही कोणा ना कोणाच्या हातूनच पुढें गेली होती.